आवाजातला सव्वीस

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तीस वर्षं तिने एकाच जातीचे प्रोग्राम लिहिले: एका तोंडाने मजकूर आत घ्यायचा, निवडायचा, दुसऱ्या तोंडाने बाहेर सोडायचा. प्रत्येक नवी चाळणी ती घरच्या वाणसामानाच्या यादीवर तपासायची. साखर, साबण, काडेपेटी नीट बाहेर आली की काम फत्ते.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी थोरल्या बहिणीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि ताईचा आवाज कायमचा गेला. ताई म्हणजे घरातली तोफ. आता मांडीवर पाटी घेऊन बसलेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने जुन्या रेकॉर्डरवर धाकटीसाठी काही बोलून ठेवलं होतं. रेकॉर्डर इतका जुनाट, की त्यातला आवाज आजच्या कॉम्प्युटरवर वाजवायचा तर आधी चाळणीतूनच काढायला हवा.

चाळणीबाईने चाळणी लिहिली, यादीवर तपासली, मग आवाज ओतला.

"अगं ठमे, ऐक, मी काय म्हणते..." आणि संपलं. चार सेकंद!

"एवढंच बोललीस होय?"

ताईने पाटीवर खरडलं: 'भरपूर बोलले होते.'

"मग लिही ना ते."

'लिहायचं असतं तर चिठ्ठी नसती का दिली?'

दोन दिवस चाळणीबाईला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने आवाजाचे आकडे पडद्यावर ओळीने मांडले. तुटला तिथे सव्वीस होता. तिने कपाळावर हात मारला. या कॉम्प्युटरची जुनी खोड: वेगळं सांगितलं नाही तर तो आत येणारं सगळं मजकूरच धरतो, आणि सव्वीसचा संकेत आला की लिखाण संपलं समजतो. यादीत तो संकेत कधी आलाच नव्हता; आवाजात कुठेही येतो.

तिने आतलं तोंड बायनरीवर टाकलं, म्हणजे येईल ते जसंच्या तसं घे. आवाज शेवटपर्यंत आला, पण त्या चार सेकंदांनंतर नुसता खरखराट. बाहेरचं तोंड अजून मजकुराच्याच तोऱ्यात होतं. दहाचा संकेत दिसला की ओळ संपली समजून त्याच्याआधी पदरचा तेराचा संकेत घुसडत होतं, आणि पुढचे आकडे सरकत होते. तेही बायनरीवर टाकलं.

दोघी शेजारी बसल्या.

"अगं ठमे, ऐक, मी काय म्हणते, माझी बडबड आता बंद होणार. तू मात्र गप्प बसू नकोस, मला भांडायला कुणीतरी लागतं. आणि रडू नकोस हं. रडताना तुला नाक पुसायचं भान नसतं."

भान नव्हतंच. ताईने रुमाल पुढे केला.