भोंग्यावरची प्रार्थना

आम्हा ख्रिस्ती लोकांना एक खोड आहे. देवाला सगळं ठाऊक असतं, असं पोरांना शिकवायचं, आणि प्रार्थनेला उभं राहिलं की त्याला दवाखान्यातल्या आजाऱ्याचा वॉर्ड अन् खाटसुद्धा सांगायची. लातूरच्या आमच्या मंडळीत या बाबतीत गुरुजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्त मास्तर, अगदी देवमाणूस. पण त्यांची प्रार्थना सुरू झाली की घरी जाऊन भाजीला फोडणी देऊन परत येता येईल, असं मी तोंडावर म्हणायची.

त्या वर्षी कापणीचा सण तोंडावर असताना रेणापूरकडची एक बाई लेकीला घेऊन आमच्या चर्चमध्ये आली. आमचं महिला मंडळ तिकडच्या गावांत फिरायचं, तेव्हा कधीतरी मीच तिला म्हटलं होतं, "अडलं तर ये." नवऱ्यानं विळा उगारला, तेव्हा ती आली. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. नांदेडच्या मंडळीच्या वसतिगृहात सोमवारी तिची सोय होणार होती. तोवर तिला चर्चमागच्या खोलीत ठेवलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, सगळ्यांना बजावलं, "बाहेर कुठं बोलायचं नाही."

रविवारी सण. चर्च पुरेना म्हणून अंगणात मांडव आणि गेटवर भोंगा. लोकांनी देवाला वाहिलेले भोपळे, ज्वारी, पाय बांधलेल्या कोंबड्या लिलावाला मांडल्या होत्या. गुरुजी माइकपाशी उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, रेणापूरहून लेकीला घेऊन आलेली आमची दुःखी भगिनी तुझ्याच मंदिरामागच्या खोलीत आश्रयाला आहे. उद्या ती नांदेडला जाईल. तिला सांभाळ."

माझे डोळे खाडकन उघडले. सगळे "आमेन" म्हणाले. गेटबाहेर रिक्षा स्टँड, आणि तिथले कितीतरी रिक्षावाले त्याच बाजूचे. मला असा संताप आला की उठून माइकची वायर उपटावीशी वाटली.

लिलाव निम्म्यावर आला होता, तेव्हा जीप थांबली. तिचा नवरा उतरला, त्याच्यामागे आणखी तिघं. आरडाओरडा नाही, काही नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

"माझी बायकू हितं हाय," तो म्हणाला. "न्यायला आलोय."

पाळकसाहेब म्हणाले, "पोलिसांत तक्रार आहे. तिची इच्छा नसेल तर नेता येणार नाही."

"तुमीच तर भोंग्यावर सांगितलं. बायका पळवायचा धंदा हाय का तुमचा?"

गेटवर बघे जमू लागले. पोलिसांना फोन केला, तर "गाडी पाठवतो" एवढंच उत्तर मिळालं. जीपमधून आलेल्यांतला एक जण चर्चच्या मागच्या बाजूला मान वळवून बघत होता. गुरुजींच्या आता ध्यानात आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी लिलाव करणाऱ्याच्या हातून माइक घेतला.

"पाव्हणे आलेत. त्यांच्या घरादारासाठी प्रार्थना करू. सगळ्यांनी उठून जवळ यावं."

माणसं उठली आणि त्या चौघांभोवती दाटीनं उभी राहिली. नवरा चुळबुळला, पण शेवटी त्यानंही टोपी काढून हात जोडले. देवाचं नाव चालू असताना कोण कुणाला ढकलणार?

मी मागे पळाले. खोलीचं कुलूप काढलं. आत ती लेकीला कडेवर घेऊन तयारच उभी होती. भोंग्यावरचं सगळं तिनं आत बसून ऐकलं होतं.

"तुमीच सांगितलं की वो त्याला," ती म्हणाली.

मागच्या दारानं मायलेकींना काढलं आणि माझ्या स्कूटीवर बसवलं. बसस्टँड टाळून थेट अहमदपूर रस्ता धरला. कोपऱ्यापर्यंत गुरुजींचा आवाज येत होता. पाऊसपाणी, गुरंढोरं, पंचायतीचे सरपंच, सगळ्यांसाठी मागणं चाललं होतं. ओळखू येईल असं माणसाचं नाव-गाव मात्र आता एकही नव्हतं. गावाबाहेर चहाच्या टपरीवर स्कूटी टाकली आणि नांदेडची बस आली तशी तिच्याबरोबर चढले. भोंग्यावर नांदेडचं नाव गेलं होतं, वसतिगृहाचं नाही, एवढाच आधार होता.

पुढे उन्हाळ्यात मी वसतिगृहात गेले, तेव्हा ती तिथल्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. लेक शाळेत जात होती. मला फार बरं वाटलं.

"गुरुजींनी सलाम सांगितलाय," मी म्हटलं. "रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतात."

तिनं तव्यावर भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं. "करू द्या की. फकस्त मनातल्या मनात करा म्हनावं."

निरोप मी तसाच्या तसा दिला. पुढच्या रविवारी गुरुजी प्रार्थनेला उभे राहिले आणि बराच वेळ त्यांचे नुसते ओठ हलत होते. आम्हाला ऐकू आलं ते शेवटचं "आमेन" तेवढं.