तानाक्काची वाकळ

तानाक्काबद्दल लिहा, असं घरची मंडळी कितीतरी वर्षं म्हणत होती. प्रत्येक वेळी मी चष्मा सापडत नाही असं सांगायचो. चष्मा नाकावरच असायचा. तो आज पुसून बसलो आहे.

तानाक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही, अंगावरच्या कापडाकडे बघायची. निपाणीजवळच्या बोरगावात मी पहिल्यांदा तिच्या सोप्यात पाऊल टाकलं, तेव्हा तिनं माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरली आणि विचारलं, "ह्यो कवा फाटायचा?"

"अजून नवा आहे," मी म्हणालो.

"असू दे. थांबते मी."

गावातलं जुनं कापड शेवटी तिच्याकडे यायचं आणि त्याची वाकळ, म्हणजे गोधडी, व्हायची. कोणता तुकडा कुणाचा, हे ती पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं सांगायची. "हे थोरल्या पाटलाचं मुंडासं. त्येला लागून धाकट्याची बंडी. दोघं बेळगावात कोर्टात भांडत्यात, हितं गपगुमान शेजारी झोपत्यात." एका कोपऱ्यात तिच्या सासूचं लुगडं होतं. "हिला पायाकडंच लावलीया," एवढंच ती बोलली.

मी तेव्हा बेळगावात चित्रकलेचा मास्तर होतो. स्वातंत्र्य यायला अजून दहा-बारा वर्षं होती. आपल्या भागातल्या हस्तकलेवर सचित्र पुस्तक काढायचं मी मनावर घेतलं होतं. अडकित्ते, हस्तिदंती फण्या, लाखेची खेळणी, समया, सगळ्यांची चित्रं मीच काढत होतो. वस्तू बड्या घरांतल्या असल्यामुळे प्रत्येक चित्राखाली 'अमक्या सरदारांच्या संग्रहातून' अशी ओळ यायची. वाकळ मात्र कुठल्याच सरदाराच्या संग्रहात नव्हती. म्हणून मी बोरगावला गेलो होतो.

वाकळ द्यायला ती लगेच तयार झाली. अट एकच घातली. "बुकात माझं नाव घाल. तानूबाई म्हणून."

"नाव कशाला हवं गं आक्का?"

"लुगडं फाटलं की वाकळ. वाकळ फाटली की पोतेरं. मग मी कुठं ऱ्हायची रं? कागदावरचं तेवढं टिकतंय म्हणत्यात."

मी शब्द दिला. मग तिनं माझ्या हातात पोळीचा तुकडा ठेवला. त्या भागात वाकळेचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत एक घास ठेवतात, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मी तो कोपऱ्यात सरकवला, तिनं वर टाका घातला आणि दोरा दातानं तोडला. "घास तू भरवलास. आता वाकळ तुजी."

पुस्तक छापायला गेलं तेव्हा नेमकं हेच वाक्य माझ्या कामी आलं. इतक्या सरदारांच्या रांगेत आपलाही एक संग्रह असावा, असा मोह मला झाला. वाकळेच्या चित्राखाली मी लिहिलं, 'लेखकाच्या संग्रहातून'. घास मी भरवला, वाकळ माझी, मग यात खोटं काय? शिवली कुणी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

पुस्तक घेऊन बोरगावला गेलो. तिनं चित्रावरून हात फिरवला आणि पाटलाचं मुंडासं बरोबर ओळखलं. मग म्हणाली, "नाव कुठं हाय? बोट ठेव."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"एवढं लांब?"

"गावाचं नावही घातलंय," मी म्हणालो.

ती लाजली. तिला लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू, अशी मी मनाची समजूत घातली. पण पहिलीच आवृत्ती कुणी घेईना.

पुढच्या खेपेला ती मोठ्या खुशीत होती. "शाळंचं नवं मास्तर आलतं. बुक वाचलं आन् म्हनलं, हितं तुमचं नाव न्हाय. मी म्हनलं, मास्तर, तुमास्नी वाचाय येत न्हाय. ज्येनं लिवलं त्येनं बोट ठिवून दावलंय. गल्लीत सांगून टाकलं, त्येच्याकडं पोरं पाठवायची तर इचार करून पाठवा."

"मग?"

"मग काय? दोन घरांनी पोरं काढली की शाळंतनं."

मी हसलो. तिनं वाढलेली भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत आलो.

ती आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मात्र खरं सांगायचंच, असं ठरवून निघालो. सोपा बायकांनी भरला होता. मला बघून ती म्हणाली, "ह्यो बगा, ह्येनंच लिवलंय." उशाजवळचं पुस्तक तिनं माझ्याकडे सरकवलं. "वाच रं. समद्यास्नी ऐकू दे."

पान उघडून मी मोठ्यानं वाचलं, "तानूबाई, बोरगाव."

बायकांनी माना डोलावल्या. "बगा," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. चार दिवसांनी ती गेली.

त्या पुस्तकाची एखादी प्रत कुणाकडे असेल, तर वाकळेच्या चित्राखालची ओळ खोडावी. ती वाकळ तानूबाईनं शिवली आहे. आणि आक्का, त्या मास्तरांना चांगलं वाचता येत होतं. चुकलो मी.