बॅटरी सोडल्यानंतरचा अर्धा तास

हावड्यातल्या चारुदत्त सबनिसांच्या गॅरेजात गिऱ्हाइकाला खुर्ची मिळते, चहा मिळतो. मिळत नाही ती फक्त घाई. जन्म हावड्याचाच, त्यामुळे साठीतल्या या माणसाला सगळी गल्ली बंगाली रीतीने चारुदा म्हणते. मराठी घरात, भांडण बंगालीत. गाडीशी मात्र ते बोलत नाहीत, नुसते ऐकतात.

वादळात अनिलरावांच्या गाडीवर फांदी पडली आणि छताची कड चेपली. ती सरळ करायची, तर आत गुंडाळून बसवलेली पडद्यासारखी एअरबॅग आधी काढायला हवी होती.

"धडक बसली की पापणी लवायच्या आत फुगते," चारुदा म्हणाले. "काढताना माझ्या तोंडावर फुगली, तर पापणीच उरायची नाही."

"मग हो?" नागपूरहून बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांनी, म्हणजे अनिलरावांनी, खुर्ची मागे ओढली.

"मग बसायचं." चारुदांनी अंगठी, घड्याळ काढून ठेवलं, बॅटरीची वायर सोडली आणि भिंतीला पाठ टेकली. "वायर सुटली तरी आत थोडी वीज राहते. रागावलेल्या सासऱ्यासारखी. अर्धा तास जवळ जायचं नाही."

अर्धा तास सरत आला तसे चारुदा तोंड धुवायला गेले. अनिलराव उठले. वीस वर्षं बँकेत दिसेल तो ड्रॉवर लावण्यात आणि दिसेल तो पंखा बंद करण्यात गेलेली. लोंबकळणारी वायर त्यांना बघवेना. त्यांनी ती नीट जागेवर बसवली, वर रुमालाने हातही पुसले.

चारुदा परतले. छताच्या कडेची पट्टी त्यांनी अलगद उतरवली. आतला एअरबॅगच्या वायरीचा पिवळा जोड दिसला. हात तिथवर गेला आणि थांबला. ते गाडीतून खाली उतरले, बॉनेटकडे गेले.

"हे कुणी केलं?"

"मी. सुटलं होतं, म्हणून..." अनिलरावांनी रुमाल खिशात कोंबला. "पण तुम्ही परत कशाला बघायला गेलात?"

"दर वेळी बघतो. बारा वर्षं झाली, सुटलेलीच असते. आज पहिल्यांदा लागलेली सापडली."

ना शिवी, ना कपाळाला आठी. त्यांनी वायर सोडली आणि पुन्हा भिंतीला पाठ टेकली. पुन्हा पुरा अर्धा तास! अनिलराव स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.

मग चारुदांनी पुन्हा बॅटरी पाहिली, अंगातली वीज उतरावी म्हणून उघड्या पत्र्याला तळहात लावला, पिवळा जोड सोडवला, एकेक बोल्ट काढला. तीन-चार हात लांबीची ती सुस्त, निरागस गुंडाळी अंगापासून दूर धरून त्यांनी रिकाम्या बाकावर ठेवली, उघडणारी बाजू वर करून; चुकून फुगलीच, तर आढ्याकडे फुगावी.

बारा वर्षं दर वेळी रिकामं निघणारं भय तितक्याच इमानाने तपासणारा माणूस अनिलरावांनी बँकेतही पाहिला नव्हता. ते भारावून वाकायला पुढे सरसावले.

"पाया पडायचं तर तिथूनच पडा," चारुदा ओरडले. "बाकाजवळ येऊ नका!"