जोडीबाईंचा नियम

जोडीबाईंना एकटी गोष्ट शिकवताच येत नसे. नदी शिकवायची तर दोन नद्या लागत, राजा शिकवायचा तर दोन राजे, आणि बंदर म्हटलं की लगेच समोर दुसरं बंदर उभं राही. पोरांनी त्यांचं नाव जोडीबाई ठेवलं. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे ते नाव घेताना पोरांना दुप्पट मजा येई. एकदा कोणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं. बाईंनी त्याच्याखाली त्या दिवसाची तारीख घातली आणि तास सुरू केला.

आमची शाळा रत्नागिरीजवळच, खाडीच्या काठाला. एका अंगाला मासे मारणाऱ्या खारव्यांची घरं, दुसऱ्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला, वर सड्यावर कुणब्यांच्या वाड्या आणि आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये नर्सबाईंचं एक ख्रिस्ती कुटुंब. मी तिथे गणित शिकवत होतो, अजूनही शिकवतो. बाई इतिहासाच्या. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती आणि त्या मला नावाने कधीच हाक मारत नसत, ‘गणितवाले’ म्हणत. दोन गोष्टी समोर आल्या की मला मध्ये मोठं-लहानचं चिन्ह टाकावंसं वाटतं, असा त्यांचा माझ्यावर कायमचा आरोप होता. आरोप खरा होता, म्हणून मी वाद घालत नसे.

दर वर्षी नववीचा वर्ग त्या आरे-वारेच्या जुळ्या किनाऱ्यांना न्यायच्या. एस.टी. घाटीच्या वळणावर थांबवायची, पोरांना खाली उतरवायचं आणि दोन्ही किनारे एकदम दाखवायचे. मग विचारायचं, काय काय वेगळं दिसतं? कोणी वाळूचा रंग सांगे, कोणी सुरूची झाडं, कोणी लाट कुठे फुटते ते. हमखास एखादा शहाणा म्हणे, बाई, आरे जास्त भारी. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे, “ती भांडणं हॉटेलवाल्यांची. आपण बघायला आलोय.” पोरं हसत आणि पुन्हा बघायला लागत.

हे सगळं ज्याच्यासाठी चाले, तो तास पुढे जानेवारीत यायचा. पुस्तकात येशू ख्रिस्त आणि मुहंमद पैगंबर यांना मिळून जेमतेम एक पान होतं. बाई त्या एका पानाला पंधरवडा लावत. मुख्याध्यापक कुरकुरत, पोर्शन राहील म्हणून सांगत. पोर्शन दर वर्षी राहत असे आणि बाई तो शनिवारी जादा तास घेऊन भरून काढत.

त्या तासाला बाईंचा एक नियम होता. आपल्या घरचं कोणी सांगायचं नाही. मोहल्ल्यातल्या मुलाने येशूविषयी सांगायचं, नर्सबाईंच्या मुलीने पैगंबरांविषयी, आणि बाकीच्यांनी ज्याचं नाव वाट्याला येईल त्याच्याविषयी. ज्याच्या घरचं आहे त्याने समोरच्या बाकावर बसून फक्त ऐकायचं. सांगून झालं की सांगणाऱ्याने त्यालाच विचारायचं, “ओळखलास का?” तो ‘ओळखला’ म्हणाला तर काम झालं. आणि ‘ओळखला, आणि थोडा आज नव्याने कळला’ असं म्हणाला, तर ऐकणाऱ्याने उठून बाईंच्या डब्यातला फणसपोळीचा तुकडा सांगणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. डबा पितळी, झाकणाला पोचा आलेला. बाईंना मधुमेह होता. फणसपोळी त्या स्वतः करत, वाळवत, कापत, पण त्यांनी त्यातली चिमूटभरही तोंडात टाकलेली मी कधी पाहिली नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण पोरांना घाम फुटे. आपल्या घरचं चुकलं तर चालतं, दुसऱ्याचं त्याच्या तोंडावर सांगायचं तर आधी नीट माहिती करून घ्यावी लागते. पोरं मोहल्ल्यात जाऊन विचारत, नर्सबाईंच्या दारात उभी राहत. त्या पंधरवड्यात एरवी एकमेकांच्या अंगणात पाऊल न टाकणारी पोरं चहा पिऊन येत. बाई स्वतः मात्र थोडंच बोलत. एकाचं घर सुताराचं, दुसऱ्याने लहानपणी मेंढरं राखली. एकाला संसार मांडायला आयुष्यच पुरलं नाही, दुसऱ्याने संसार, व्यापार आणि राज्य करून दाखवलं. दोघांनीही स्वतःच्या हाताने पुस्तक लिहिलं नाही. एवढं त्या सांगत, आणि शेवटी एक प्रश्न टाकत.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. येशूने क्रूसावर खिळलेलं असताना मारणाऱ्यांना माफ केलं. पैगंबरांना ज्या मक्केने छळून घराबाहेर काढलं, त्याच मक्केत ते जिंकून परत आले आणि त्यांनी लोकांना सोडून दिलं. एकाच्या हातात काहीच उरलं नव्हतं, दुसऱ्याच्या हातात सगळं होतं. माफ करणं कुणाला जास्त जड गेलं असेल? मी एकदा शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर द्यायला गेलो. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “गणितवाले, हा प्रश्न सोडवायचा नसतो. घरी न्यायचा असतो. ज्यांच्याशी तुम्ही बोलत नाही, त्यांची आठवण आली की काढून बघायचा.” तेव्हा माझं माझ्या चुलतभावाशी बांधावरून वाजलेलं होतं आणि हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मी माझा चहा उचलला.

बाईंचं निवृत्तीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. नर्सबाईंची रोझी पैगंबरांविषयी सांगत असताना वर्गातल्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. कौतुकानेच केलं असणार. पण तो तुकडा पुढे पाठवताना कोणीतरी कापला आणि फिरला तो एवढाच, की ख्रिस्ती मुलगी वर्गात उभी राहून सांगते आहे, पैगंबरांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दोन दिवसांत तो प्रत्येक फोनवर पोचला.

शाळा समितीचे अध्यक्ष आंब्याचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट फार. मोहल्ल्यातून अजून कोणी एक अक्षर काढलेलं नव्हतं, तरी ते धावत शाळेत आले. हा तास कायमचा बंद, मुलीने आणि तिच्या आईने मोहल्ल्यात जाऊन माफी मागायची, नाहीतर बाईंच्या निवृत्तीचा निरोप समारंभ विसरा, असं त्यांनी सुनावलं. बाईंना निरोप समारंभाचं काहीच नव्हतं. पण तास बंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि रोझीचं नाव निघालं तेव्हा त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलगी जे बोलली ते मीच शिकवलंय, ती माफी मागणार नाही. मोहल्ल्यात मी येते, पण माफी मागायला नाही, विचारायला.

त्या वर्षी तो तास लांबून मार्चवर गेला होता. दुपारची नमाज झाल्यावर अध्यक्ष, बाई आणि मी असे आम्ही मोहल्ल्याच्या बैठकीच्या जागी, जमातखान्यात गेलो. अध्यक्षांनी सोबत पहिल्या तोडीची हापूसची पेटी घेतली होती. बाईंनी रोझीला आणि नर्सबाईंना बरोबर घेतलं होतं. रोझी आईला चिकटून बसली होती. समोर हसनचाचा बसले होते. उभं आयुष्य जहाजावर काढून परत आलेले, मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला वजन. अध्यक्ष बसायच्या आतच माफीचं बोलायला लागले. चाचांनी त्यांना हाताने थांबवलं आणि फोन कानाशी लावून तो तुकडा ऐकला. मग पुन्हा ऐकला.

“ह्यात माफीचा काय हाय?” ते म्हणाले. “आमच्या मदरशात बारक्या पोरांना हेच शिकवतात. लिहिता-वाचता येत नव्हता, म्हणून तर ते बोलले ते अल्लाचा होता. आमच्यात ही मोठेपणाची गोष्ट.” मग रोझीकडे वळून त्यांनी विचारलं, “पण पोरी, हे मधीच तोडलाय. तू पुढे काय बोललीस?”

रोझीने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. ती उभी राहिली. तिने सांगितलं, की ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना डोंगरातल्या गुहेत पहिला हुकूम आला तो ‘वाच’ असा. ते थरथरत घरी आले, बायकोला म्हणाले मला पांघरूण घाल. खदीजाबाईंनी पांघरूण घातलं आणि त्यांना धीर दिला, की तुम्ही नात्यागोत्याला धरून राहता, पाहुण्याला जेवू घालता, अडलेल्याचं ओझं उचलता, देव तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. “सगळ्यांत आधी बायकोने त्यांच्यावर विश्वास ठेवला,” रोझी म्हणाली. “मला ते घाबरले हे आवडलं. माझी आई पण ड्यूटीवर कोणी दगावलं की घरी येऊन पांघरूण घेऊन बसते. मला वाटलं, मी त्यांना थोडं ओळखते.” मग सवयीने तिने विचारून टाकलं, “चाचा, ओळखलेत का?”

अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला. हसनचाचांनी चष्मा काढला आणि तो सदऱ्याला पुसला. “ओळखला, बाय,” ते म्हणाले. “खदीजाबीबींचा मी लहानपणापास्ना ऐकतोय. पण ह्या बाजूनं बघितला नव्हता.” बाईंनी पिशवीतून पितळी डबा काढून त्यांच्यापुढे धरला. चाचांना काही कळेना. नियम समजावून सांगितल्यावर ते मनापासून हसले आणि त्यांनी फणसपोळीचा तुकडा रोझीच्या हातावर ठेवला. नर्सबाई तेव्हा कुठे रडल्या.

आम्ही उठणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, एक तक्रार हाय. अध्यक्ष पुन्हा खाली बसले. “बाई, माझा नातू घरी येऊन बोलला, मला बाईंनी परक्याचा दिला, येशूचा. मी त्याला बोललो, अरे, इसा परका कवापासून झाला? तो आमचा पण पैगंबर. त्याच्या आईच्या नावाचा आख्खा अध्याय हाय कुराणात.” इतकी वर्षं बाई तो तास घेत आल्या होत्या. त्यांनी येशूला एकाच घरचा धरला होता. मग त्या म्हणाल्या, “चुकलं माझं, चाचा. हे मला तुमच्याकडूनच कळायचं होतं.” माफी मागणार नाही म्हणून आलेल्या बाई अशी माफी मागून परतल्या, आणि वाटेत इतक्या खुशीत होत्या की अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, ह्यांना बरं वाटत नाहीये का?

तास बंद झाला नाही. शेवटचा म्हणून बाईंनी तो एप्रिलमध्ये पुन्हा घेतला, आणि समोरच्या बाकावर या वेळी दोघं बसली, हसनचाचा आणि नर्सबाई. येशूविषयी सांगायला खारव्यांची एक मुलगी होती. वादळात होडी हेलकावत असताना येशू मागच्या अंगाला झोपला होता, हे तिने असं सांगितलं की पोरांना वल्हं दिसलं. येशूच्या आईच्या, मर्यमच्या बाळंतपणाशी चाचा आणि नर्सबाई दोघंही माना डोलावत होते. क्रूसाशी आल्यावर नर्सबाईंनी मान डोलावली आणि चाचांनी नकारार्थी हलवली. त्यांच्या मते इसा क्रूसावर गेलेच नाहीत, अल्लाने त्यांना त्याआधीच वर उचललं. मुलगी गोंधळून थांबली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘इथे दोघांचं पटत नाही’, आणि तिला पुढे सांगायला लावलं. तास संपल्यावर त्या पोरांना म्हणाल्या, “सारखं काय आहे ते सांगणारे पुष्कळ भेटतील. वेगळं काय आहे ते सांगताना ज्याचा आवाज चढत नाही, तो माझा विद्यार्थी.” चाचा आणि नर्सबाई तोपर्यंत बाहेर व्हरांड्यात कोणाच्या तरी रक्तदाबाविषयी बोलत होते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, गेला पावसाळा सरल्यावर बाई वारल्या. पाय सुजला, मग मूत्रपिंडं थकली, आणि रत्नागिरीच्या दवाखान्यात एका सकाळी संपलं सगळं. मला त्यांचा फार आधार होता, हे त्या गेल्यावर कळलं. मुंबईहून त्यांचे भाऊ आले. बहीण-भावाचं फारसं जमत नसे. बहिणीने हट्टाने या कोपऱ्यात आयुष्य घालवलं, मुंबईत आली असती तर मोठी झाली असती, असं त्यांचं मत होतं आणि ते लपवत नसत. खोली आवरताना त्यांना तो पितळी डबा सापडला. त्यांनी मला विचारलं, मधुमेह असताना ही फणसपोळी कोणासाठी करत होती? मी म्हटलं, शोकसभेला या, बरोबर घेऊन या.

शोकसभा शाळेतच झाली. मुख्याध्यापकांनी भावाचं नाव बोलणाऱ्यांत आधी लिहिलं होतं. हसनचाचांनी खुर्चीतूनच हरकत घेतली. घरच्याने बोलायचं नाही, समोर बसून ऐकायचं, बाईंचा नियम हाय, म्हणाले. भावाला ते जरा लागलं, पण ते बसले. मग नर्सिंगचं शिक्षण घेत असलेली रोझी उठली. तिने आरे-वारेचं वळण सांगितलं, फळ्यावरची तारीख सांगितली, जमातखान्यातली दुपार सांगितली. बाईंचा राग, हट्ट, शनिवारचे जादा तास यांतलं काही झाकलं नाही. सांगून झाल्यावर ती त्या गृहस्थांपुढे येऊन उभी राहिली. “काका,” ती म्हणाली, “ओळखलीत का?”

मांडीवरच्या डब्याच्या झाकणावर त्यांचा हात होता.

“हट्टी होती ती ओळखली,” ते म्हणाले. “बाकीची आज कळली.”

आणि कोणी काही सांगायच्या आत त्यांनी डबा उघडला.