काटेलची जबानी

काटेल केमेनर एकवीस वर्षांची असताना ब्रिटनीतलं आपलं गाव सोडून पॅरिसला खेटून असलेल्या सां-दनीला आली आणि कत्तलखान्यामागच्या शेडमध्ये आतडी धुवायच्या कामाला लागली. शेडमधल्या निम्म्या बायका ब्रिटनीची ब्रेतॉन भाषा बोलणाऱ्या, त्यामुळे फ्रेंचवाचून तिचं काही अडलं नाही. अडलं ते लग्नानंतर. नवरा फेर्नां बोद्रिए गॅसच्या कारखान्यात कोळसा उपसायचा आणि त्याला ब्रेतॉनचा एक शब्द खपत नसे. डुकरांची भाषा म्हणायचा. तिच्या तोंडून चुकून काही निसटलं की तो कमरेचा पट्टा काढून हाताला गुंडाळायचा आणि शांतपणे सांगायचा, "ज फ्राप." म्हणजे, मी मारतो. मग मारायचा.

१९३३च्या मार्चमध्ये त्याने तिचे दोन दात पाडले. ती रक्ताळलेल्या तोंडानेच पोलीस चौकीत गेली. काय झालं म्हणून शिपायाने विचारलं. तिला मारण्याचा एकच फ्रेंच शब्द ठाऊक होता, तोही नवऱ्याकडून ऐकलेला तसाच. गालावर हात ठेवून ती म्हणाली, "ज फ्राप." शिपायाने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मी मारते. त्याने ते लिहून घेतलं आणि संध्याकाळी फेर्नांला बोलावून वाचून दाखवलं. फेर्नां हसत घरी आला, आणि हसता हसताच त्याने तिची दोन बोटं दाराच्या फटीत चिरडली.

खालच्या मजल्यावर उर्स्युल पँशार ही निवृत्त शिक्षिका राहायची. जिन्यात बसून बोटांना फडकं गुंडाळणाऱ्या काटेलला तिने दंडाला धरून आत नेलं. तेव्हापासून, फेर्नां कारखान्यात असेल त्या दुपारी शिकवणी सुरू झाली.

पँशारबाई मायाळू वगैरे नव्हत्या. चाळीस वर्षं पोरांच्या हातावर पट्टी मारून त्यांनी भाषा शिकवली होती, दुसरी रीत त्यांना येतच नव्हती. काटेलचा 'र' जिभेच्या शेंड्यावर खडखडायचा, बाईंना तो घशातून हवा असे. वहीतली मुकी अक्षरंही ती ठासून वाचायची. चुकलं की पट्टी. तिसऱ्या दिवशी पट्टी चिरडलेल्या बोटांवर बसली. काटेलने ती हिसकावली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे बाईंपुढे ठेवले.

बाईंनी तुकडे बाजूला सारले. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. क्रियापद घेऊ. पार्ले, बोलणे."

"फ्रापे," काटेल म्हणाली.

मग त्यांनी तेच घेतलं. मी मारते, तू मारतोस, तो मारतो. लिहिताना शेवट वेगवेगळे, पण बोलताना तिन्हींचा आवाज एकच, फ्राप. मग कोण मारतंय हे कळायचं कसं, असं काटेलने हातवारे करून विचारलं.

"आधीच्या शब्दावरून," बाई म्हणाल्या. "ज म्हणजे तू स्वतः. इल म्हणजे तो. चौकीत तू त्याचं पाप स्वतःच्या नावावर लिहून आलीस, बये."

काटेल हसली नाही. घरी आतडी खरवडल्यासारखी ती रूपं घोकत राहिली. ढकलणे, पडणे, सगळी क्रियापदं त्याच एका साच्यात बसत होती.

डिसेंबरात फेर्नां दुपारीच घरी आला आणि त्याला वही सापडली. ती चुलीत कोंबून त्याने सळई उचलली. पहिल्या घावाला काटेलच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. आवाज ऐकून बाई धापा टाकत वर आल्या आणि दारातूनच त्याच्यावर ओरडल्या. त्याने त्यांना छातीवर धक्का देऊन जिन्यावरून खाली लोटलं. काटेलने चुलीवरची इस्त्री उचलली आणि मागून त्याच्या डोक्यात घातली. तो पडला, उठू लागला, तेव्हा आणखी एकदा घातली.

फेर्नां वाचला. कोर्टात त्याच्या वकिलाने चौकीतला जुना कागद वाचला: ही बाई स्वतःच कबूल करते की ती मारते. न्यायाधीशांनी काटेलला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. मोडलेला हात गळ्यात बांधलेली काटेल उभी राहिली.

"इल पूस," ती म्हणाली. तो ढकलतो. "एल तोंब." ती पडते. मग छातीवर हात ठेवून, "ज फ्राप."

"म्हणजे तुम्हीही मारलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो. दोनदा."

'र' तिच्या जिभेवर खडखडलाच, पण कोणी हसलं नाही. फेर्नांला तीन वर्षांची कैद झाली, काटेलला समज देऊन सोडलं.

पँशारबाईंचं खुब्याचं हाड नीट जुळलं नाही. काटेल आपली ट्रंक घेऊन खाली त्यांच्याकडे राहायला आली. बाई तिच्या उच्चारांवरून भांडायच्या, ती त्यांच्या अंघोळीवरून. शेडमधून येताना तिच्या अंगाला जनावरांचा वास यायचा, तो बाईंना कधीच सहन झाला नाही. तरी सात वर्षं, शेवटपर्यंत, स्वतःला उचलून खिडकीशी बसवायचं काम बाईंनी काटेलशिवाय दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.