तिने आधी काकूला सांगितलं

धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की माझा जळफळाट होतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती अकोल्याला, मी अमरावतीला. मधे मूर्तिजापूर आणि बडनेरा आहे म्हणून निभतं.

तिचा मुलगा दहावी पास झाला तेव्हा तिच्या चौकात त्याचं बॅनर लागलं. काळा चष्मा, कोट, खाली काका-मामांच्या फोटोंची रांग. पुढच्या वर्षी माझ्या मुलीला त्याच्याहून जास्त मार्क पडले. मग काय, मी त्याच्या दुप्पट बॅनर लावलं. फोटो, नाव, शाळा, आणि खाली मुलीचाच मोबाईल नंबर, म्हणजे अभिनंदनाचे फोन थेट तिला यावेत. स्टेटसलाही टाकलं, आणि जावेने ते पाहिलं की नाही हे तपासत बसले.

फोन भरपूर आले. त्यात एक मेसेजवाला 'दादा'ही आला. अकरावीच्या क्लासमध्ये शिकवतो म्हणायचा, नोट्स पाठवायचा. मग विचारपूस, मग 'एक फोटो पाठव ना', मग 'घरी सांगू नको'. मुलीने शाळेच्या निरोप समारंभाचा साडीतला फोटो पाठवला. तेव्हा त्याने रंग दाखवला: आणखी फोटो दे, नाहीतर हाच वेडावाकडा करून तुझ्या शाळेत सगळ्यांना पाठवतो.

हे मला कळलं ते जावेकडून. मी घरातच भाजी निवडत बसलेली, आणि पोरीने गच्चीवर जाऊन अकोल्याला फोन लावला!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाऊ आली. पाणीही न पिता मुलीजवळ जाऊन बसली.

"तुई काई चूक नाई. त्यानं फसवलं तुले. जेवली का कालपासून?"

मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. माझ्या मुलीचं डोकं, तिची मांडी. मी दारात उभी.

मी म्हटलं, सगळं पुसून टाक आधी. जाऊ म्हणाली, "नाई ताई, पुसू नका. हाच तर पुरावा हाय." तिने सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढायला लावले, मग त्या माणसाला ब्लॉक केलं. आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला गेलो. रिक्षात मुलीने हात धरला तो काकूचा. मला त्या माणसाची भीती वाटत होती, पण खरं सांगते, त्या हातांकडे बघून पोटात जास्त जळत होतं. बॅनर मी त्याच संध्याकाळी उतरवलं.

जाऊ परत गेल्यावर मी मुलीला विचारलंच, "मले काहून नाई सांगतलं?"

"तू पयले मोबाईल काढून घेतला असता. मंग बाबांवर चिडली असती. मंग रडत बसली असती."

रडलेच असते. आई आहे मी. पण त्यानंतर ती मोबाईल घेऊन बसली की मी नुसती आसपास घुटमळायचे. काय चाललंय ते विचारायचं नाही, फोन हिसकायचा नाही. असं गप्प बसणं मला जन्मात कधी जमलं नव्हतं.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. मुलगी येऊन ओट्याशी उभी राहिली.

"आई, नवीन नंबर हाय. पण तोच वाट्टे मले."

गॅस बंद केला. मला भीती वाटायच्या आधी आनंदच झाला. वाटलं, हे आता आम्हा दोघींतच राहू दे. पण जुन्या तक्रारीत हा नंबर कसा जोडायचा, कुणाला भेटायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं.

पिठाच्या हातानेच मी जावेला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"काय झालं ताई?"

"पोरीनं मले सांगतलं," मी म्हटलं. "पयले मले. आता काय करू ते सांग."