बॅटरी ओट्यावर होती

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो, विश्वासाने नाही. आमच्या भागात भगत आहेत, बाहेरचं बघणारे आहेत, आणि पदवी घेऊन तेच काम करणारेही आहेत. यातल्या कुणाच्या दारात मी कधी गेलो नाही. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा लिहिणारा जेवून आडवा झाला होता का, हे मी आधी बघतो. म्हणून सांगून टाकतो... मी जागा होतो, भर दुपार होती आणि पोटात फक्त चहा होता.

२०१९ ची सुरुवात. आमचं घर तलासरीत, हायवेपासून थोडं आत. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीची जमीन सारखी हादरत होती, हे तुम्हाला आठवत असेल. आधी जमिनीखालून गडगड, मग मांडणीवरची भांडी वाजायची. लोक अंगणात झोपू लागले, आमच्या शाळेचे वर्ग झाडाखाली भरू लागले. एक साहेब येऊन माइकवरून "घाबरू नका" असं सांगून गेले. भाषण मंडपात झालं. चहासाठी इमारतीत चला म्हटल्यावर मात्र त्यांना दुसरी मीटिंग आठवली.

घरात आम्ही तिघं — आई, वहिनी आणि मी. मोठा भाऊ, आमचा दादा, आदल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. तो तलासरी ते डहाणू जीप चालवायचा. घरी आला की फाटकाशी हॉर्न द्यायचा, दोन छोटे आणि एक लांब. फाटक आईनेच उघडायचं, असा नियम. वहिनी उघडायला गेली तर हा पठ्ठ्या पुन्हा हॉर्न वाजवायचा. पन्नाशीच्या माणसाचे लाड! तो गेल्यापासून आई अंगणात आलीच नव्हती.

वहिनी आणि मी रात्री ताडपत्रीखाली झोपायचो. आई मागच्या खोलीतली खाट सोडेना. त्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. माझं बोट आत जायचं.

"आई, भिंत पडेल गं."

"पडू दे. मी काय लग्नाला आलेय मांडवात झोपायला?"

वहिनीने रडून पाहिलं. मी भूगर्भशास्त्र सांगून पाहिलं. रडण्याचा परिणाम थोडा बरा झाला — आईने वहिनीला चहा करून दिला. एकदा तिला उचलून आणायला गेलो, तर तिने खाटेचा दांडा असा धरला की खाटेसकट उचलावं लागलं असतं. प्रत्येक हादऱ्याला माझा जीव त्या खोलीत अडकायचा.

जीप अंगणात गंजत उभी होती. "विकायची नाही, मी चालवीन," असं वहिनीने ठरवलं होतं. इंजिन ठीक होतं, पण बॉनेटखालच्या पत्र्याला गंज धरला होता. व्हिडिओ बघून मी ते काम अंगावर घेतलं. बॅटरी काढून ओट्यावर ठेवली. हॉर्न काढून घमेल्यात टाकला. रॉकेल आणि ब्रशने तेलकट मळ काढला, पॉलिश पेपर मारला. वायरींना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, इंजिन वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि प्राइमर मारला.

शेजारचे जयेशभाई कुंपणावरून म्हणाले, "शुं मास्तर, इंजिनला पावडर लावता? बॉनेट उघडून कोण बघणार?"

"गंज बघतो, जयेशभाई."

ते हसत जेवायला घरात गेले. मी काळ्या स्प्रेचा पहिला हात मारला. दुसरा हात मारायच्या आधी पहिला सुकू द्यावा लागतो. नवशिके इथेच घाई करतात. मी डब्यावरच्या सूचना वाचणारा माणूस, थांबलो. तोंडावरचा रुमाल खाली ओढून बंपरसमोर स्टुलावर बसलो. वारा नव्हता. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. ओला रंग चकाकत होता, आणि इतकी शांतता होती की थिनरच्या वासालाही आवाज असावा असं वाटत होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली.

अनवाणी. डोक्यावर पदर. माझ्याकडे न बघता ती जीपला वळसा घालून सरळ फाटकाकडे गेली, कडी काढली, दोन्ही दारं उघडली आणि बाजूला सरून उभी राहिली... गाडी आत घेताना राहतात तशी. रस्ता रिकामा होता.

तिच्यामागून वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला पीठ. कुंपणापलीकडे जयेशभाई, उष्ट्या हाताने. "अरे मास्तर, हॉर्न केटला वाजवाल? जेवू तर द्या!"

"कसला हॉर्न?"

वहिनीचा चेहरा उतरला. "भावजी, तुम्ही नाही वाजवला? दोन छोटे... एक लांब..."

आई रागाने वळली. "कधीचा वाजवतोय तो! बहिरा झालास का?"

मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो. जमीन गुरगुरली. जीप स्प्रिंगांवर डोलली, स्प्रेचा डबा घरंगळत गेला, आणि घराच्या मागून विटा कोसळल्याचा आवाज आला. पुढच्या दारातून धुळीचा लोट बाहेर पडला.

मागची भिंत आईच्या खाटेवर पडली होती. चुलीवर कौलं आली होती. जयेशभाईंच्या ताटात छताचं प्लास्टर.

नंतर मी सगळे तर्क लावून पाहिले. हायवेवरचा ट्रक? जयेशभाई जन्मभर हायवेजवळ राहिलेत, ट्रकचा हॉर्न ते झोपेतही ओळखतात. हादऱ्याआधीची गडगड? ती आम्ही रोजच ऐकत होतो, ती दोन छोटे आणि एक लांब अशी येत नाही. बॅटरी ओट्यावर होती. हॉर्न घमेल्यात, स्क्रूंखाली, माझ्या पायाशी. आणि माझे कान? डहाणूला जाऊन तपासून आलो. उत्तम आहेत.

आई त्या दिवसापासून निमूट अंगणात झोपू लागली. वहिनी आता जीप चालवते. स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही, आणि हॉर्नपेक्षा मला दुसरंच जास्त छळतं. माझ्या दादाचा हॉर्न शेजाऱ्यालाही ऐकू गेला, मग सख्ख्या भावाला का नाही? हातभर अंतरावर बसलो होतो मी.

एकदा धीर करून आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुला कशाला वाजवेल? तू बाहेरच होतास की."